दोन वेगांची मोटर

नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला आणि त्र्यंबक रस्त्याला गेल्या काही वर्षांत जी रिसॉर्ट्स, व्हिला आणि फार्महाऊस उभी राहिली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गच्चीवर किंवा अंगणात गरम पाण्याचा टब असतो. द्राक्षांमागोमाग वाइन आली, वाइनमागोमाग शनिवार-रविवारची मुंबई-पुण्याची मंडळी आली आणि त्यांच्यासाठी हे टब आले. टबाला आयुष्य फार नसतं. फायबरला तडा जातो, हीटर जळतो, पॅनेलमध्ये पाणी शिरतं, आणि मालक नवा मागवून मोकळा होतो. जुना टेम्पोत चढतो आणि एखाद्या भंगाराच्या गोदामात उतरतो. तिथे फायबरला कुणी विचारत नाही. मोटर फोडून आतलं तांबं तेवढं किलोच्या भावानं जातं.

त्या मोटरा फुटू नयेत असं मला मनापासून वाटतं. मखमलाबादच्या आमच्या घरामागे खडीचे तीन वाफे आहेत, माशांची एक हजार लिटरची टाकी आहे, आणि या सगळ्याचं पाणी फिरवणारा पंप अशाच एका टबाच्या पोटातून निघालेला आहे. पालक, पुदिना, कोथिंबीर आणि भरपूर अळू आम्ही त्या पाण्यावर काढतो. अळूला तर हे पाणी इतकं मानवतं की पानं परातीएवढी होतात. श्रावणात गल्लीतल्या निम्म्या घरांच्या अळूवड्या आमच्या पानांच्या असतात.

ज्यांनी ॲक्वापोनिक्स पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मासे खातात, त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. हा अमोनिया साठला तर मासे मरतात. खडीवर वस्ती करणारे काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातकच. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडांना तर तेच हवं असतं. झाडांनी खत उचललं की पाणी पुन्हा माशांकडे. जिवाणूंची ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर भरमसाट मासे सोडायचे नसतात. व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८०च्या दशकापासून यावर पद्धतशीर काम केलं. गोड्या पाण्याची चणचण असलेलं बेट ते, त्यामुळे तेच पाणी पुन्हापुन्हा वापरण्याची तिथे खरी गरज होती. तरंगत्या तक्त्यांवरच्या भाजीसाठी त्यांनी दिलेला हिशेब आजही लोक वापरतात: एक चौरस मीटर भाजीमागे दिवसाला ६० ते १०० ग्रॅम माशांचं खाद्य. खडीच्या वाफ्यांत पालेभाजीला ५० ग्रॅमही पुरतं. आमच्याकडे तीन चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या वर खाद्य जात नाही.

या सगळ्यात पंपाचं काम एकच. टाकीतलं पाणी साधारण तासातून एकदा फिरलं पाहिजे. आमच्या मापात तासाला एक हजार लिटर.

आता टबाचा पंप पाहा. त्याचा जन्म जोरासाठी झालेला. पाठीवर पाण्याचा झोत बसावा म्हणून दोन-दोन हॉर्सपॉवरची मोटर, दोन इंची तोंडं, मिनिटाला शेकडो लिटर पाणी. अशी मोटर पूर्ण वेगात वीज खाते सुमारे दोन हजार वॅट. चोवीस तास चालवली तर दिवसाला ४८ युनिट. आणि एक हजार लिटर पाणी अडीच मीटर उंच चढवायला निसर्ग मुळात किती ऊर्जा मागतो? तासाभरात ते काम करायचं तर सात वॅटही लागत नाहीत. पंपाची अकार्यक्षमता, पाइपातलं घर्षण सगळं धरलं तरी चाळीस-पन्नास वॅटचा छोटा पंप पुरतो. हा हिशेब मांडला की कुणीही शहाणा माणूस टबाचा पंप बाजूला ठेवून बाजारातून सबमर्सिबल घेऊन येईल. आमच्या घरीही हेच बोलणं झालं, आणि ते बरोबरही होतं.

पण या पंपांमध्ये एक गोष्ट असते, जी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर दिसत नाही. यांतल्या बऱ्याच मोटरा दोन वेगांच्या असतात. टबात कुणी बसलेलं नसतानाही पाणी फिल्टरमधून संथ फिरत राहावं, म्हणून त्याच मोटरीत दुसरं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, घातलेलं असतं. पूर्ण वेगात मिनिटाला साधारण २८५० फेरे, कमी वेगात त्याच्या निम्मे. वेग निम्मा झाला की पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, पाणी चढण्याची उंची चौथाई होते आणि लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते. हा सेंट्रिफ्युगल पंपांचा नियमच आहे. प्रत्यक्षात मोटर कमी वेगात थोडी अकार्यक्षम असते, म्हणून दोन हजारांचा आठवा भाग अडीचशे भरला तरी आमच्या मोटरीचं मीटरवरचं वाचन साडेतीनशे वॅटच्या आसपास येतं.

साडेतीनशेसुद्धा चोवीस तास चालवायला जास्तच. म्हणून ती चोवीस तास चालतच नाही. वाफ्यांच्या वर, लोखंडी घोडीवर, पाचशे लिटरची काळी टाकी आहे. दर अर्ध्या तासाला टायमर मोटर सुरू करतो, चार मिनिटांत टाकी भरते, मोटर थांबते. पुढचा अर्धा तास पाणी आपल्या वजनानं, बारीक धारेनं तिन्ही वाफ्यांत उतरत राहतं. वाफा काठोकाठ आला की बेल सायफन (उभ्या पाइपावर पालथं घातलेलं टोपण) पाणी ओढून घेतो आणि माशांच्या टाकीत सोडतो. पाणी ओसरताना मुळांना हवा मिळते. माशांची टाकी भरून वाहते ती खालच्या साठवण टाकीत, आणि मोटर ओढते ती या साठवण टाकीतून. त्यामुळे माशांच्या टाकीतली पातळी कधी हलत नाही. दिवसभरात मोटर एकूण चालते तीन तास आणि थोडी मिनिटं. वीज सव्वा युनिटच्या आत. मधल्या वेळेत प्राणवायू कमी पडू नये म्हणून हवेचा एक छोटा पंप सतत चालू असतो; तो इन्व्हर्टरवर आहे, कारण वादळी पावसात आमच्या भागातली वीज जाते, आणि पाणी अर्धा दिवस थांबलं तरी एक वेळ चालेल, हवा थांबून चालत नाही.

हे सगळं मला उमगलं ते अण्णांमुळे. अण्णा माझे मामेसासरे. सातपूरच्या एमआयडीसीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आता मुलगा पाहतो, पण अण्णा रोज जाऊन बसतात. भंगारातून आणलेली मोटर मी त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी आधी हातानं शाफ्ट फिरवून पाहिला, मग मागचं झाकण उघडलं आणि वायरी मोजल्या.

"सूनबाई, ही दोन स्पीडची आहे. तुम्हाला पाणी ढकलायचंय की फिरवायचंय?"

"फिरवायचंय, अण्णा."

"मग हिच्या जोराच्या वायरीला हातच लावायचा नाही. टोक बंद करून ठेवू."

त्या दोन वाक्यांत सगळी रचना होती. आजही जोराच्या वाइंडिंगची वायर टोपण घालून, टेप मारून बाजूला बांधलेली आहे. चुकून दोन्ही वाइंडिंगना एकदम वीज मिळाली तर मोटर जळते, म्हणून अण्णांनी ते काम स्वतः केलं, कुणावर सोपवलं नाही.

ही मोटर टाकून का दिली होती, ते उघडल्यावर कळलं. पंपाच्या शाफ्टवर एक सील असतं: एका बाजूला कार्बनची गुळगुळीत चकती, दुसऱ्या बाजूला सिरॅमिकची, मागे स्प्रिंग आणि रबर. या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि मधली पाण्याची पातळ फिल्म त्यांना थंड ठेवते. पंप काही वेळ कोरडा चालला की चकत्या तापतात, तडकतात, आणि तिथून पाणी झिरपायला लागतं. झिरपलेलं पाणी शाफ्टवरून मोटरीच्या पुढच्या बेअरिंगमध्ये जातं. बेअरिंग गंजतं, आवाज करतं, मोटर गरम होते आणि एक दिवस ट्रिप होते. टबाची देखभाल करणारा माणूस म्हणतो, याचे पार्ट मिळत नाहीत, अख्खा पंप बदला. आत्ताच्या या मोटरीत बेअरिंग होतं ६२०३ नंबरचं, आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०. हे बेअरिंग नाशिकमध्ये कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात काउंटरवर मिळतं. सील शाफ्टच्या मापावरून मिळालं. कपॅसिटर नवा टाकला. वाइंडिंग जसंच्या तसं शाबूत होतं. त्याला अण्णांनी नुसतं वाळवून वार्निश दिलं. एवढ्या मोठ्या, नीट बांधलेल्या यंत्राचं मरण एका बोटभर सीलवर ठरलं होतं, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. बनवणाऱ्यानं ते सील सुटं करून बदलता येईल असंच बनवलेलं असतं. मधे फक्त ते बदलणारा माणूस लागतो. सातपूर-अंबडच्या गाळ्यांमध्ये अशी माणसं अजून आहेत. त्यांच्यापर्यंत मोटर पोचतच नाही.

माशांच्या दृष्टीनं या पंपाचा एक मोठा गुण म्हणजे पाण्याचा स्पर्श होतो तो जवळपास सगळा भाग प्लास्टिकचा. इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक, प्लास्टिकचा, भोवतालचा डबा प्लास्टिकचा, शाफ्ट स्टेनलेसचा. टबात क्लोरीन आणि ब्रोमीन टाकतात, त्यात साधा धातू टिकत नाही, म्हणून ही व्यवस्था. आपल्याला ती वेगळ्या कारणानं हवी असते: तांबं आणि जस्त पाण्यात उतरलं तर मासे आजारी पडतात. हाच विचार पुढे पाइपांनाही लावायचा. पितळी व्हॉल्व्ह नको, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप नको. टबाचा हीटर मात्र आणूच नये, आणि टबाचे जुने पाइपही नकोत. त्यांच्या आतल्या बाजूला रसायनं पिऊन बसलेला चिकट थर असतो, तो पूर्ण निघत नाही. पंपाचा डबा आम्ही आधी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवला, मग क्षार काढायला सायट्रिक ॲसिडमध्ये, मग भरपूर साध्या पाण्यात. जुनं सील आणि जुन्या रबरी रिंगा तर फेकूनच द्यायच्या.

जोडणीत एक अडचण हमखास येते. टबाच्या पंपाच्या दोन इंची युनियनमध्ये, म्हणजे आट्यांच्या जोडात, बसणारा पाइप बाहेरून ६०.३ मिलिमीटरचा असतो; आपल्याकडच्या शेतीच्या पाइपचा बाहेरचा व्यास ६३. दोन्ही दिसतात सारखे, एकात एक बसत नाहीत, आणि सोल्युशन थापून बसवायला गेलं की हवा ओढतात. अंबडच्या एका लेथवाल्या दादांनी नायलॉनच्या दांड्यातून जोड कातून दिला. आमच्याकडे द्राक्षबागांची ठिबकची कामं वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे असले जोड बनवणारे हात इथे आहेत. हे नाशिकचं भाग्य आहे असंच मी म्हणेन.

दुसरं म्हणजे हा पंप स्वतःहून पाणी ओढत नाही. त्याला पाणी तोंडापर्यंत आयतं यावं लागतं. म्हणजे पंप साठवण टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली हवा. काही जण त्यासाठी खड्डा घेतात. नाशिकच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यात काय होईल ते सांगायला नको. म्हणून आम्ही माशांची टाकीच विटांच्या ओट्यावर चढवली, साठवण टाकी जमिनीवर ठेवली आणि पंप तिच्या शेजारी, चार बोटं उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर. साठवण टाकीत फ्लोट स्विच आहे. पाणी खाली गेलं की मोटर बंद. ज्या कोरड्या चालण्यानं तिचं पहिलं आयुष्य संपलं, ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. पाणी कमी करायचं तर व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूचा दाबायचा, आतल्या बाजूचा कधीच नाही.

विजेबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. पाण्यात हात घालणारी मुलं आहेत घरात. तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), स्वतंत्र अर्थिंग, मोटरीवर पावसाचं छप्पर पण बाजूंनी हवा खेळती. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार राहतो, त्यामुळे झाकण उघडण्याआधी तो उतरवायचा. ज्याला हे माहीत नाही त्यानं झाकण उघडू नये. आणि टबाचा एअर ब्लोअर हवेच्या पंपाच्या जागी वापरण्याचा मोह टाळावा. तो थोडा वेळ जोरात फुंकण्यासाठी बनवलेला असतो, सतत चालण्यासाठी नव्हे.

खडीची चिंता आपल्याला करावी लागत नाही. काळ्या पाषाणाची खडी इथे पायाखाली आहे, आणि हा बेसॉल्ट पाण्याचा सामू (पीएच) चढवत नाही. चुनखडी असेल तर चढवते. शंका आली की मूठभर खडीवर लिंबू पिळायचं. फेस आला तर ती खडी नको. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे सामू सुरुवातीला आठाच्या जवळ राहायचा आणि नवी पानं पिवळी पडायची. लोह पाण्यात असूनही झाडांना उचलता येत नव्हतं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, कुठलं घ्यायचं हे मला शेजारच्या द्राक्षबागायतदार काकांनी सांगितलं. बागेतल्या पानांचा पिवळेपणा वाचण्यात त्यांची हयात गेली आहे.

हेच काका आणि माझे मासे यांच्यात खरं तर एक जुनं वैर असू शकलं असतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षांवर डाऊनी हा रोग येऊ नये म्हणून बागांवर फवारण्या सुरू होतात, त्यांत बोर्डो मिश्रणही असतं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं बुरशी मारतं आणि तेच माशांनाही मारतं. वारं आमच्या बाजूचं असलं तर त्याचा तुषार सरळ टाकीवर येईल. त्यामुळे फवारणीच्या आदल्या संध्याकाळी काकांचा फोन येतो. "उद्या सकाळी मारतोय गं, झाकून घे." टाकीवर आणि वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद ओढायचा, पाणी फिरतं राहू द्यायचं, उन्हं वर आली की कागद काढून बाहेरच धुवायचा. काकांना अळूची जुडी पोचवली जाते. त्यांना मासा लागत नाही.

माशांत आम्ही सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, ठेवतो. पंगसची बोटुकली स्वस्त मिळते, भराभर वाढते, पण नाशिकची थंडी तिला सोसत नाही. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि आपल्याकडे त्याच्याहून फार ऊब नसते. सायप्रिनस थंडीत खाणं कमी करतो आणि तग धरतो. त्या दिवसांत जिवाणूही संथ होतात, म्हणून आपणही खाद्याचा हात आखडता घ्यायचा. खाल्लं न गेलेलं खाद्य टाकीत कुजलं की अमोनियाच वाढतो. सकाळी टाकून पाच-दहा मिनिटांत जेवढं संपतं तेवढंच.

आमच्या पंपाबद्दल कळल्यापासून लोक मोटरा घेऊन येतात. त्यांना मी सगळ्यात आधी लेबल वाचायला सांगते. व्होल्ट २३० आणि हर्ट्झ ५० असेल तर पुढे जायचं. काही मोटरा अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या असतात, त्यांवर ६० हर्ट्झ असतं. आपल्या ५० हर्ट्झवर त्या पाच-षष्ठांश वेगानं फिरतात, पाणी कमी देतात, आणि व्होल्टेज तसंच राहिल्यानं आतलं लोखंड गरजेपेक्षा जास्त चुंबकीय होऊन मोटर तापते. तशी मोटर अण्णा परत पाठवतात. मग शाफ्ट हातानं फिरतो का, वाइंडिंगला जळका वास आहे का, मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर) रीडिंग नीट येतं का. आणि टबात दुसरा छोटा पंप होता का, हे नक्की विचारायचं. काही टबांत चोवीस तास फिल्टर चालवायला एक वेगळा लहानसा पंप असतो. मोठ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण घरच्या एका-दोन वाफ्यांना हा लहान पंपच थेट लावता येतो, वरची टाकीही लागत नाही. भंगारात तो बहुतेक वेळा फुकट मिळतो, कारण त्याच्यात तांबं फारसं नसतं.

ज्यांच्याकडे असे टब आहेत, जे रिसॉर्ट चालवतात, दुरुस्त्या करतात, त्यांना मला एक विनंती करायची आहे. टब काढाल तेव्हा मोटर वायरी कापून ओढू नका. स्क्रू काढून, वायरी लांब ठेवून सोडवा. आणि तिच्यावरचं लेबल खरवडू नका, ऊन-पावसात ठेवून ते पुसू देऊ नका. कुठली वायर संथ वेगाची आणि कुठली जोराची, याची आकृती त्या लेबलवरच असते. ती असली तर सातपूरचा कुठलाही रिवाइंडिंगवाला एका दुपारी मोटर उभी करून देईल.